विश्लेषण : गेमच्या फिरत्या डायलच्या पोटात काय असते? तो बिघडतो कशाने आणि चांगला असूनही भंगारात का जातो?

ट्रॅक्टरवरच्या टेपचा नॉब उजवीकडे फिरवला, पण आवाज वाढण्याऐवजी कमी झाला. उसाच्या हंगामात शेवगाव परिसरातल्या रस्त्यांवर गाडी हाकणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. सेतू केंद्रात किंवा कॉम्प्युटर क्लासमध्ये माउसचे चाक खाली फिरवावे आणि पडद्यावरचे पान वर उडी मारावे, हाही त्यातलाच प्रकार. या दोन्ही बिघाडांचे मूळ एकच आहे. हातात धरून खेळायच्या एका जपानी व्हिडिओ गेमसाठी २००७ मध्ये निघालेल्या छोट्या डायलमागचे तत्त्वही तेच आहे. असा डायल उघडला की आत काय सापडते, तो दुरुस्त होतो का आणि तालुक्याच्या गावात दुरुस्ती शिकणाऱ्या मुलाला त्यातून काय मिळते, हे पाहू.

हा डायल नेमका कशाचा?

निन्टेन्डो या जपानी कंपनीचे ‘डीएस’ हे दोन पडद्यांचे, घडी घालता येणारे गेमयंत्र २००४ मध्ये बाजारात आले. त्याच्या खालच्या कडेला एक रुंद खाच होती. आधीच्या ‘गेमबॉय ॲडव्हान्स’ यंत्राच्या गेमपट्ट्या तिच्यात बसत. तायतो कंपनीने २००७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये ‘अर्कनॉइड डीएस’ हा गेम आणला, तेव्हा याच खाचेत बसणारा एक जोड काढला. त्यावर बोटाने फिरवायचा गोल डायल होता. त्याला ‘पॅडल कंट्रोलर’ म्हणत. पुढे तायतोच्याच ‘स्पेस इन्व्हेडर्स एक्स्ट्रीम’ या गेमलाही तो चालला.

या जोडाला स्वतःची बॅटरी नाही. वीज गेमयंत्राकडून मिळते. वर फिरणारा नॉब, त्याची आस, आस किती फिरली हे ओळखणारा सेन्सर, एक छोटा सर्किट बोर्ड आणि खाचेत शिरणारे सोनेरी पट्ट्यांचे टोक, एवढाच त्याचा संसार. त्या खाचेत एकूण ३२ जोडण्या असतात. आकाराने खेळणे असले तरी काम नाजूक आहे. बोटाची हालचाल आकड्यात बदलून ती क्षणार्धात यंत्राला कळवायची.

बटणे असताना डायल कशाला?

अर्कनॉइड हा मूळचा १९८६ चा खेळ. खाली एक आडवी फळी, वर विटांची भिंत आणि मध्ये उसळणारा चेंडू. फळी डावी-उजवीकडे सरकवून चेंडू परत टोलवायचा आणि विटा फोडायच्या. त्याचा पूर्वज म्हणजे अटारी कंपनीचा १९७६ चा ‘ब्रेकआउट’, आणि त्याच्याही आधीचा १९७२ चा ‘पाँग’.

बटण दाबले की फळी ठरलेल्या वेगाने सरकते. चेंडू लांब असेल तर ती उशिरा पोहोचते, जवळ असेल तर पुढे निघून जाते. डायलचे तसे नसते. हळू फिरवला तर फळी केसभर सरकते, झटका दिला तर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते. शिवणयंत्राचे हातचाक हाताने फिरवून सुई नेमकी हवी तिथे आणता येते, तसाच हा ताबा.

जुन्या डायलमध्ये काय असायचे?

सुरुवातीच्या गेममध्ये डायलखाली ‘पोटेन्शिओमीटर’ असे. नाव अवघड असले तरी वस्तू घरोघरची आहे. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या नॉबखाली हाच असतो. दुरुस्तीवाले त्याला ‘पॉट’ किंवा नुसतेच ‘व्हॉल्यूम’ म्हणतात. आत कार्बनची अर्धगोल पट्टी असते आणि तिच्यावर घासत फिरणारी धातूची जीभ. जीभ जिथे टेकली असेल त्यानुसार विजेला होणारा विरोध कमी-जास्त होतो. त्या विरोधावरून यंत्राला कळते, की नॉब आत्ता अमुक जागी आहे.

या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. पहिली, नॉब दोन्ही बाजूंना कुठेतरी अडतो, गोल-गोल फिरत राहत नाही. दुसरी, जीभ पट्टीवर सतत घासते. धूळ बसली किंवा कार्बन झिजला की रेडिओत खरखर ऐकू येते. गेममध्ये तीच खरखर डोळ्यांना दिसते. हात स्थिर असूनही पडद्यावरची फळी थरथरते. १९७७ च्या अटारी यंत्राच्या पॅडलची ही जुनी तक्रार आहे. निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या जुन्या यंत्रासाठी निघालेल्या अर्कनॉइडच्या ‘व्हाउस’ कंट्रोलरमध्येही असाच पॉट होता.

मग बदल कुठे झाला?

नॉब ‘कुठे आहे’ हे विचारणे सोडून तो ‘किती फिरला’ हे मोजायला सुरुवात झाली, तिथे बदल झाला. अशा मोजणाऱ्या भागाला ‘रोटरी एन्कोडर’ म्हणतात.

अटारीनेच याचा उत्तम नमुना दिला. ‘इंडी ५००’ या मोटारशर्यतीच्या गेमसोबत मिळणारा कंट्रोलर बाहेरून पॅडलसारखाच दिसे, पण आत पॉट नसून एन्कोडर होता. त्यामुळे तो गोल-गोल कितीही फिरवता येई. एका फेऱ्याचे १६ टप्पे पडत. बाहेरचे रूप तेच, आतली पद्धत वेगळी. म्हणूनच दोन्ही एकमेकांच्या जागी लावून चालत नसत.

एन्कोडर दोन प्रकारे बनतो. एकात धातूच्या बारीक पट्ट्यांवरून टोके सरकतात आणि जोडणी लागते-तुटते. दुसऱ्यात खाचा पाडलेली चकती असते. तिच्या एका बाजूला न दिसणारा अवरक्त प्रकाश देणारा दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा भाग बसवतात. चकती फिरली की प्रकाश खाचेतून जातो, अडतो, पुन्हा जातो. गोळी असलेला जुना माउस ज्यांनी उघडला आहे, त्यांनी अशा दोन चकत्या नक्की पाहिल्या असतील. एक आडव्या हालचालीसाठी, दुसरी उभ्या. गेम पार्लरमधल्या मोठ्या अर्कनॉइड यंत्राचा डायलही प्रकाशावर चालणारा होता.

उजवीकडे की डावीकडे, हे कसे कळते?

नुसता प्रकाश लागला-गेला एवढेच मोजले तर डायल फिरला हे कळेल, पण कोणत्या दिशेला हे कळणार नाही. त्यासाठी एकाऐवजी दोन सेन्सर थोड्या अंतराने बसवतात.

साखर कारखान्याच्या रस्त्यावर दोन माणसे काही पावलांच्या अंतराने उभी आहेत, असे समजा. गावाकडच्या बाजूला पहिला, कारखान्याकडच्या बाजूला दुसरा. ट्रॅक्टरची ट्रॉली आधी पहिल्याला दिसली आणि मग दुसऱ्याला, तर ती कारखान्याकडे चालली आहे. आधी दुसऱ्याला दिसली, तर रिकामी होऊन परत येते आहे. ट्रॉलीवर काही लिहिलेले असण्याची गरज नाही. कोणी आधी पाहिले, एवढ्यावरून दिशा कळते.

एन्कोडरमध्ये हेच होते. दोन सेन्सरच्या चार अवस्था असतात. दोघांनाही प्रकाश नाही, फक्त दुसऱ्याला आहे, दोघांनाही आहे, फक्त पहिल्याला आहे. मग पुन्हा पहिली अवस्था. एका दिशेने फिरवले की अवस्था या क्रमाने येतात, उलट फिरवले की उलट क्रमाने. प्रत्येक पायरीला दोघांपैकी एकाचीच स्थिती बदलते, म्हणून वाचताना गोंधळ होत नाही. अशा मांडणीला ‘ग्रे कोड’ म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतले संशोधक फ्रँक ग्रे यांना १९५३ मध्ये मिळालेल्या पेटंटवरून हे नाव पडले.

ट्रॅक्टरवरचा टेप उलटा का वागतो, याचे उत्तरही इथेच आहे. धूळ, ओल किंवा झीज यांमुळे दोनपैकी एक जोडणी मधूनच चुकते. क्रम मोडला की यंत्राला वाटते, नॉब उलट फिरला. माउसचे चाक उडी मारते तेही यामुळेच.

गेमला आकडा कसा मिळतो?

डीएसच्या पॅडलमध्ये गेमला मिळणारा आकडा १२ बिटचा असतो, म्हणजे ० ते ४०९५. डायल एका बाजूला फिरवला की आकडा वाढतो, दुसऱ्या बाजूला फिरवला की कमी होतो. ४०९५ नंतर पुन्हा ० येतो, जसे गाडीच्या जुन्या मीटरमध्ये सगळे नऊ झाले की सगळी शून्ये येतात.

या आकड्याला स्वतःचा अर्थ नाही. तो १२०० आहे म्हणून फळी डावीकडे, असे काही ठरलेले नसते. गेम फक्त मागचा आणि आत्ताचा आकडा यांतला फरक पाहतो आणि फळी तेवढी सरकवतो. म्हणूनच अशा डायलला सुरुवातीची जागा लागत नाही. खेळ सुरू करताना तो कुठेही असला तरी चालते.

डायल उघडताना काय काळजी घ्यावी?

डीएसचा पॅडल शेवगावात हाती लागणे अवघड आहे. पण बंद पडलेला माउस किंवा गाडीतला जुना टेप सहज मिळतो, आणि शिकण्यासाठी तेवढे पुरे. उघडण्याची रीत सगळीकडे सारखीच आहे.

आधी वीज तोडावी. तारेचा माउस असेल तर तार काढावी, बिनतारी असेल तर सेल काढावा. स्क्रू दिसत नसतील तर ते बहुधा स्टिकरखाली किंवा तळाच्या रबरी पायांखाली लपलेले असतात. निन्टेन्डोसारख्या कंपन्या साध्या चौफुलीऐवजी तीन पात्यांचे स्क्रू वापरतात. त्याला लागणारा ‘वाय’ टोकाचा स्क्रू ड्रायव्हर आयफोन उघडणाऱ्या मोबाइल दुकानात असतो. चुकीचे टोक लावून जोर केला की स्क्रूचे डोके झिजते आणि मग तो निघता निघत नाही.

प्रत्येक टप्प्याला फोनवर फोटो काढावा. निघालेले स्क्रू कागदावर यंत्राची आकृती काढून त्या-त्या जागी ठेवावेत. एका यंत्रात दोन लांबीचे स्क्रू असले आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला, तर तो पलीकडचे प्लास्टिक किंवा बोर्ड फोडतो. स्क्रू काढूनही झाकण निघत नसेल तर आत प्लास्टिकच्या कड्या असतात. तिथे स्क्रू ड्रायव्हर घुसवण्यापेक्षा जुने सिमकार्ड किंवा गिटारची पिक कडेने सरकवावी. स्प्रिंग उडून हरवू नये म्हणून झाकण उचलताना वरून हात धरावा.

पॉट की एन्कोडर, हे कसे ओळखावे?

इथे नवशिक्याची फसगत होते, कारण दोन्हींना बहुधा तीनच पाय असतात. ओळखण्याची पहिली खूण हाताची. नॉब दोन्हीकडे अडतो तो पॉट, न अडता फिरत राहतो तो एन्कोडर. दुसरी खूण मल्टिमीटरची. मधल्या आणि कडेच्या पायाला काड्या लावून नॉब हळू फिरवला, की पॉटमध्ये ओहमचा आकडा सावकाश चढतो-उतरतो. धातूच्या पट्ट्यांच्या एन्कोडरमध्ये मीटर ‘बीप’वर ठेवला तर आवाज लागतो, तुटतो, पुन्हा लागतो. बीप मध्येच गाळली जात असेल तर दोष सापडला.

प्रकाशावर चालणाऱ्या चकतीसाठी फोनच उपयोगी पडतो. अवरक्त दिवा डोळ्यांना दिसत नाही, पण बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यातून तो जांभळट चमकताना दिसतो. टीव्हीचा रिमोट चालू आहे की नाही, हे दुरुस्तीवाले असेच पाहतात. दिवा लागत असेल तर चकतीच्या खाचांत अडकलेला केस किंवा धूळ मऊ ब्रशने काढावी. अनेकदा तेवढ्यावर काम भागते.

पट्ट्यांच्या एन्कोडरमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलचे, म्हणजे दुकानातल्या ‘आयपीए’चे दोन-तीन थेंब सोडून नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवावा आणि पूर्ण सुकल्यावरच वीज द्यावी. आयपीए पेट घेते, त्यामुळे जवळ सोल्डरिंग चालू नसावे. खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल मात्र टाकू नये. काही दिवस बरे वाटते, मग त्यावर धूळ चिकटून दोष वाढतो. झीजच झाली असेल तर भाग बदलावा लागतो. माउसचा एन्कोडर बदलताना त्याची उंची मिलिमीटरपर्यंत जुळली पाहिजे, नाहीतर चाक टेकत नाही.

मग चांगला डायल निरुपयोगी का होतो?

डीएसच्या पॅडलची गोष्ट इथे वेगळे वळण घेते. तो बाजारात आल्यावर वर्षभराच्या आत, २००८ च्या नोव्हेंबरमध्ये निन्टेन्डोने ‘डीएसआय’ हे नवे यंत्र जपानमध्ये आणले. त्यात खालची रुंद खाचच नव्हती. पॅडल बिघडला नाही, झिजला नाही. तो लावायला जागाच उरली नाही. डीएस घराण्यातील सर्व यंत्रे मिळून जगभरात १५ कोटींहून अधिक विकली गेली. पण त्यातल्या नव्या यंत्रांसाठी हा डायल म्हणजे प्लास्टिकचा तुकडा ठरला.

हेडफोनची गोल पिन मोबाइलमधून गेली, तेव्हा अनेकांनी हेच अनुभवले. वस्तू दुरुस्त होण्याजोगी असणे पुरेसे नसते, ती जोडायची जागाही टिकावी लागते. सोय एवढीच, की मोजणारा एन्कोडर साधा असतो. त्याच्या दोन तारा आणि एक सामाईक तार आर्डुइनोसारख्या छोट्या बोर्डला जोडली, की फिरण्याचे आकडे कॉम्प्युटरवर वाचता येतात. भंगारातल्या माउसचे चाक अशा रीतीने आवाजाचा नॉब किंवा गेमचा डायल म्हणून पुन्हा कामाला लावता येते.

कायदा काय सांगतो?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झाले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात घेतली आहेत. मात्र पोर्टलवर माहिती देणे आणि सुटे भाग देण्याचे कायदेशीर बंधन असणे, यांत फरक आहे. वस्तू किती सहज दुरुस्त होते याचे गुण देणाऱ्या निर्देशांकावरही एका वेगळ्या समितीने २०२५ मध्ये अहवाल दिला. वस्तू उघडायला किती सोपी, स्क्रू कोणते, अवजारे कोणती लागतात, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळते का, हे त्यातले निकष आहेत. तीन पात्यांच्या स्क्रूचा प्रश्न असा सरकारी कागदावर आला आहे.

दुसरी बाजू कचऱ्याची. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत हातात धरायची गेमयंत्रेही आहेत. ती नेहमीच्या कचऱ्यात टाकायची नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे.

शेवगावच्या मुलाला याचा काय उपयोग?

शेवगावहून जिल्ह्याचे ठिकाण साठ-पासष्ट किलोमीटरवर. एखादा सुटा भाग हवा असला की दुरुस्तीवाल्याला अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर नाहीतर पुण्याची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी भाग बदलण्याआधी दोष ओळखता येणे, हीच खरी कमाई असते. साफ करून भागणारे काम असेल तर गिऱ्हाईकाचे पैसे वाचतात आणि दुकानदाराचा दिवसही.

आयटीआय करून नगर, सुपा किंवा वाळूजच्या एमआयडीसीत जाणाऱ्या मुलाला हाच डायल पुन्हा भेटतो. सीएनसी मशिनवर हाताने फिरवायचे एक गोल चाक असते. त्याच्या एका फेऱ्यात १०० टप्पे असतात. सर्वांत बारीक मापावर एका टप्प्याला मशिनची हत्यारे मिलिमीटरचा हजारावा भाग सरकतात, मोठ्या मापावर दहावा भाग. म्हणजे तेच चाक पूर्ण फिरवले तर एकदा हत्यार ०.१ मिलिमीटर सरकते आणि एकदा १० मिलिमीटर. मापाचे बटण न पाहता चाक फिरवले तर हत्यार जॉबमध्ये घुसते. ते चाकही जागा सांगत नाही, फक्त टप्पे मोजते, हे बंद पडलेल्या माउसवर शिकलेल्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

तेव्हा घरातला माउस उड्या मारू लागला किंवा गाडीतला टेप उलटा वागू लागला, तर तो भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकण्याआधी नॉब एकदा सावकाश फिरवून पाहावा. दोन्हीकडे अडतो की फिरतच राहतो, एवढ्यावरून आत काय आहे ते कळते. मग वीज तोडायची आणि पहिला स्क्रू शोधायला स्टिकरखाली पाहायचे.